हनीफ सरांनी विचारलेलं आमचं नाव

चाची, इम्रानभाई, सरांच्या घरची सगळी माणसं, कॉलेजातले सरांचे सोबती, आणि आम्ही सगळे त्यांचे विद्यार्थी. मागे दाराशी जे उभे आहेत त्यांनी पुढे या. इथे जागा आहे. सर असते तर त्यांनी आधी तुम्हाला बसवलं असतं आणि मगच तोंड उघडलं असतं.

मी कमल. डोंगराच्या पायथ्याच्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवसभर बोलणं हेच माझं काम. पण आज सकाळी जळगाव जामोदच्या बसमध्ये बसले तेव्हापासून काय बोलायचं ते जुळवते आहे, आणि अजून जुळलेलं नाही. माझ्याआधी बोललेल्यांनी सरांचं इंग्रजी सांगितलं, सरांची शिस्त सांगितली, सरांच्या हातची बिर्याणी सांगितली. ते सगळं खरं आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे. सरांनी मला एकदा एक प्रश्न विचारला, त्याची.

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या वस्तीवरून कॉलेजात येणारी मी एकटीच मुलगी. मी मागच्या बाकावर बसायची आणि कोणी काही विचारू नये एवढीच इच्छा असायची. एकदा तास सुरू व्हायच्या आधी एका मुलाने दुसऱ्याची पेन्सिल उचलली, तर तो दुसरा म्हणाला, ‘निहालावानी काऊन करून राह्यला बे?’ सगळे हसले. तो मुलगा वाईट नव्हता. आमच्या भागात हे असंच बोललं जायचं. निहाल हे आमच्या जमातीचं नाव, पण लोकांच्या तोंडी निहाल म्हणजे चोरणारा, लुबाडणारा. मी निहाल आहे हे त्याला माहीत नव्हतं. मी वहीत डोकं घातलं.

सर दारात उभे होते. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि माझी खाली गेलेली मानही पाहिली होती. ते कोणाला रागावले नाहीत. फळ्याजवळ गेले आणि इंग्रजीत एक शब्द लिहिला. त्या दिवशीच्या धड्यात तो होताच. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दलचा धडा होता. सर म्हणाले, ‘वाचा.’ कोणी म्हणालं सिऑक्स, कोणी म्हणालं सायोक्स. सर म्हणाले, ‘सू. नुसतं सू. बाकीची अक्षरं दाखवायची आहेत, बोलायची नाहीत.’ वर्ग पुन्हा हसला. हसणं थांबल्यावर सर म्हणाले, ‘आता ऐका. हे त्यांचं नाव नाही.’

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती ऐकली असेल, पण मला आज ती पुन्हा सांगू द्या. फार पूर्वी फ्रेंच व्यापारी त्या मुलखात गेले. तिथे त्यांना आधी ओजिब्वे आणि त्यांच्यासारखे दुसरे लोक भेटले. व्यापाऱ्यांनी त्यांना विचारलं, पुढे कोण राहतं? ओजिब्वेंचं आणि पुढच्यांचं जमत नव्हतं. त्यांनी आपल्या भाषेतला एक शब्द सांगितला. कोणी म्हणतं त्याचा अर्थ लहान साप. कोणी जाणकार म्हणतात, तसं नाही, वेगळी भाषा बोलणारे एवढाच त्याचा अर्थ. काही असो, शब्द शेजाऱ्याचा होता. फ्रेंचांनी त्या लांबलचक शब्दाला आपल्या भाषेतलं अनेकवचनाचं शेपूट लावलं. पुढे तो शब्द बोलायला जड जायला लागला, म्हणून लोकांनी त्याचं डोकं कापून टाकलं. उरलं ते शेपूट. सर म्हणाले, ‘शेजाऱ्यानं दिलेल्या नावाचं परक्यानं लावलेलं शेपूट. जगभरच्या पुस्तकात एवढ्या मोठ्या लोकांचं नाव म्हणून तेच छापलं जातं. आणि ते स्वतःला काय म्हणतात? डाकोटा. लाकोटा. म्हणजे मित्र. आपली माणसं.’

मग सरांनी वर्गाला विचारलं, ‘इथं कुणाचं नाव दुसऱ्यानं ठेवलेलं आहे काय?’

कोणीच हात वर केला नाही. मीही केला नाही. पण तास संपल्यावर सर वऱ्हांड्यात थांबले. मी खाली मान घालून निघाले होते. ते म्हणाले, ‘कमल, तुह्या घरचे लोक स्वतःले काय म्हनतात?’

हाच तो प्रश्न. तोपर्यंत मला लोकांनी बरंच विचारलं होतं. तुमचा जातीचा दाखला आहे का? तुम्ही त्या शेजारच्या कोरकू जमातीतलेच ना? तुमचे लोक अजून शिकार करतात का? आम्ही स्वतःला काय म्हणतो हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ‘काल्टो.’ घराबाहेर हा शब्द मी पहिल्यांदा बोलले होते. सर म्हणाले, ‘पुन्हा एकदा सांग.’ मी सांगितला. त्यांनी म्हणून पाहिला. चुकला. आणि बोलीला काय म्हणता? मी म्हणाले, मंडी. काल्टो मंडी. ‘तुले येते?’ मी म्हणाले, समजते. बोलता थोडी येते. बा आम्हाला बोलू देत नाही.

हे इथल्या मंडळींना सांगायला हवं. आमची बोली आसपासच्या कुठल्याच भाषेच्या घरात बसत नाही. ती मराठीची बहीण नाही, कोरकूची नाही, हिंदीची नाही. मोठमोठ्या अभ्यासकांना ती कुठे ठेवावी ते उमगलेलं नाही. बोलणारी माणसं थोडी, तीही बहुतेक आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच तालुक्यात. पण मी लहान होते तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं की ही बोली बाजारात बोलायची नाही. लोक तिला चोरांची बोली म्हणायचे. लपवण्यासाठी बनवलेली, असं म्हणायचे.

सरांना हे का कळलं? इंग्रजीचे प्राध्यापक, डोणगावच्या कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरातले. त्यांना आमच्या नावाचं काय पडलं होतं? हे मी त्यांना बऱ्याच वर्षांनी विचारलं. चाची, तुम्ही तेव्हा तिथेच चहा गाळत होता.

सर म्हणाले, ‘अवं, मी एम.ए. करायले पुन्याले गेलो तवा मले एक नाव पडलं होतं. डोया.’ सर घरी उर्दू बोलायचे, गल्लीत आपली वऱ्हाडी. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात ते म्हणाले, माह्या डोयात काही गेलं, म्हणजे डोळ्यात. झालं. तेव्हापासून मुलं त्यांना डोया म्हणूनच हाक मारायची. आणि ज्यांच्याशी ओळख नव्हती ते त्यांचं नाव ऐकून म्हणायचे, अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता. सर म्हणाले, ‘एक जन म्हने तुह्यी मराठी लय खराब, दुसरा म्हने लय चांगली. दोघाईले मी परकाच.’

त्या दिवसांत ग्रंथालयात त्यांच्या हाती एक पुस्तक लागलं. त्यात होतं की हे डाकोटा आणि लाकोटा वेगवेगळे शब्द नाहीत. शब्द एकच. पूर्वेकडचे जिथे ड म्हणतात तिथे पश्चिमेकडचे ल म्हणतात. मित्राला कोणी कोडा म्हणतं, कोणी कोला. दोघांना एकमेकांचं समजतं. कोणाचाच उच्चार बिघडलेला नाही. सर मला म्हणाले, ‘मी ते वाचलं आनि म्हनलं, मंग माहा डोयाबी बिघडलेला नाई. पुन्यात ळ, आपल्याकडे य. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.’

पुढे वर्गात त्यांनी वऱ्हाडीला कधी हसू दिलं नाही हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. शाया म्हणा, शाळा म्हणा, पण या, असं ते म्हणायचे.

पण मी गोष्टीत फार पुढे निघून गेले. वऱ्हांड्यातल्या त्या प्रश्नानंतर माझ्या डोक्यात वारं शिरलं. आमच्या वस्तीच्या तोंडाशी एक पाटी होती. निहाल वस्ती. मी आणि माझ्या दोन चुलत भावांनी ठरवलं, ती रंगवून टाकायची. काल्टो वस्ती लिहायचं. रंग आणला. एक अक्षर पुसून झालं आणि बा शेतातून धावत आला. त्याने ब्रश हिसकावून घेतला. म्हणाला, ‘दाखल्यावर काय हाये? निहाल. तुह्यी स्कॉलरशिप कोन्त्या नावानं येते? निहाल. उद्या साहेब म्हनन, इथं तर निहाल राह्यतच नाईत. मंग?’ मी म्हणाले, ते शिवी देतात या नावाने. बा म्हणाला, ‘शिवी त्याईची. दाखला आपला.’ आणि माझं कॉलेज बंद करतो म्हणाला.

मी सरांना निरोप धाडला. सर दुसऱ्या दिवशी आले. तेव्हा बस आमच्या वस्तीपर्यंत येत नव्हती, रस्त्यावर उतरून चालत आले. बा ओसरीवर बसला होता. उठला नाही. सर समोर खाली बसले.

बा म्हणाला, ‘तुमीच हे पोरीच्या डोक्यात घातलं ना?’

सर म्हणाले, ‘हाव. मीच.’

‘मंग आता काढा.’

सरांनी मांडी सावरली. मग त्यांनी बाला तीच अमेरिकेची गोष्ट सांगितली. सगळी. साप, व्यापारी, शेपूट. त्यांची माणसं तीन परीची, एक ड म्हणणारे, एक ल म्हणणारे, एक न म्हणणारे, हेही सांगितलं. बाने ऐकून घेतलं. बाला गोष्ट सांगणारा माणूस आवडतो, कोणीही असो. शेवटी बाने विचारलं, ‘मंग त्या लोकाईनं ते नाव टाकून देल्लं काय?’

माझी खात्री होती की सर हो म्हणतील. सर म्हणाले, ‘नाई. सगयाईनं नाई टाकलं. त्याईचे सरकारसंगं करार झाले होते. जमिनीचे, हक्काचे. ते त्याच नावानं झाले होते. मंग कागदावर कितीक ठिकानी अजूनबी तेच नाव चालते.’

‘आनि तोंडावर?’

‘तोंडावर आपलं.’

बा माझ्याकडे बघत म्हणाला, ‘हे तुनं नाई सांगतलं मले.’ मला कुठे माहीत होतं? सरांनी मला अर्धीच गोष्ट सांगितली होती, कारण वर्गात तास तेवढाच होता. बाने पाटीवरचं पुसलेलं अक्षर स्वतः पुन्हा रंगवलं. कॉलेज सुरू राहिलं. पण सरांनी निघताना विचारलं की तुमच्या बोलीतले दोन शब्द मला शिकवाल का, तर बा म्हणाला, ‘ते आमचं घरातलं हाये.’ सर म्हणाले, ‘बरोबर.’ पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

मंडळी, गोष्ट इथे संपली असती तरी मी आज इथे आले असते. पण ती इथे संपली नाही.

माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, लग्न झालं. मी वस्तीच्या शाळेवरच बदली मागून घेतली. एका दुपारी मी घरी होते. सर आले. उन्हाचे दिवस, डोक्याला रुमाल बांधलेला, केस पांढरे झालेले. मला वाटलं काही वाईट बातमी आहे. बाहेर खाट टाकली. सर म्हणाले, ‘मले तुह्या बाशी काम हाये.’

बा आला. सर म्हणाले, ‘दादा, मी तुमाले मागं एक गोष्ट सांगतली होती. डवाले, लवाले आनि नवाले. त्यात एक चूक होती.’

बाला आधी आठवेचना. सर समजावून सांगत राहिले. त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं होतं की ड म्हणणारे आणि ल म्हणणारे यांच्या मध्ये राहणारे लोक न म्हणतात. जुन्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं. आता त्यांच्या वाचनात आलं की ते खरं नाही. मधले लोकही स्वतःला डाकोटाच म्हणतात. न म्हणणारे आहेत, पण ते नात्यातले दुसरे लोक, दूर उत्तरेकडचे. पूर्वी कोणी तरी गल्लत केली आणि बाकीच्यांनी ती उतरवून घेतली. सर म्हणाले, ‘मीबी उतरवून घेतली. त्याईले कोनी इचारलंच नाई, तुमी काय म्हनता म्हनून.’

बा त्यांच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, ‘हे सांगायले उन्हात येऊन राह्यले तुमी? मी काय त्या लोकाईले भेटनार होतो?’

सर म्हणाले, ‘भेटनार नाई म्हनूनच. त्याईचं नाव मी तुमच्याजवय चुकीचं ठेवून गेलो होतो. माघारी नेलं पायजे ना.’

बा हसला नाही. मला वाटलं तो उठून शेतात जाईल. त्याने मला पाणी आणायला सांगितलं. मी तांब्या आणला. बाने तो सरांच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘जोप्पो.’

सरांना कळलं नाही. मला कळलं. जोप्पो म्हणजे पाणी. बाने आमचा शब्द बाहेरच्या माणसाला दिला होता. सर म्हणाले, ‘जोपो?’ बा म्हणाला, ‘नाई. जोप्पो. आनि काल्टोबी तुमी चुकीचं म्हनता. इतक्या वर्षापासून चुकीचं म्हनून राह्यले.’ सर म्हणाले, ‘मंग सांगतलं काऊन नाई?’ बा म्हणाला, ‘आज सांगतो.’

त्या दिवशी सर दिवे लागेपर्यंत खाटेवर बसून ट म्हणत होते. बा मान हलवायचा, नाही. पुन्हा. नाही. शाळेतल्या पोरांनाही मी एवढं घोटवत नाही.

तेव्हापासून बा दर बाजाराला जळगावात आला की सरांच्या घरी बसायचा. चाची, तुम्ही त्याला खुर्ची द्यायच्यात आणि तो खाली बसायचा. मग सरही खाली बसायचे. हळूहळू सर बोलायला लागले. चुकत, अडखळत, क्रियापदं भलतीकडे लावत. बा म्हणायचा, सर बोलतात तवा वाटते आपलं लहान लेकरू बोलून राह्यलं. कोणी तरी सरांना म्हणालं, आता तुम्ही यावर पुस्तक लिहा. सर म्हणाले, ‘बोली त्याईची. मी पाहुना. पाहुन्यानं घराचा नकाशा काढून विकू नये.’ ते मला म्हणाले, लिहायचं तर तू लिही, नाहीतर तुझी शाळेतली पोरं लिहितील.

माझ्या शाळेत आता पोरं सकाळी येतात तेव्हा पहिला तास काल्टोत बोलतात. मग मराठी. कोणी तक्रार केली की मी सांगते, ज्या पोराला घरची बोली बोलताना लाज वाटत नाही तेच पोर दुसरी भाषा शिकताना तोंड उघडतं. हे मी सरांकडे बघून शिकले. दाखल्यावर आम्ही अजून निहाल आहोत. पोरांना दोन्ही नावं माहीत आहेत. कोणतं कुठे वापरायचं तेही माहीत आहे.

मागच्या आठवड्यात सकाळी इम्रानभाईंचा फोन आला. छातीत दुखायला लागलं म्हणून सरांना बुलढाण्याला नेत होते, आणि वाटेतच सर गेले. मी बाला सांगितलं. त्याने चप्पल घातली आणि तो निघाला. कब्रस्तानात तो मागे उभा होता. सगळ्यांनी कबरीवर मूठभर मिट्टी दिली, त्यानेही दिली. परतताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. घर जवळ आल्यावर मला म्हणाला, ‘आता बाजारात मी कोनाशी बोलू?’

मी म्हणाले, बा, बाजारात तर तू सगळ्यांशी बोलतोस. भाजीवाल्यांशी, कासाराशी.

तो म्हणाला, ‘त्याईच्या बोलीत बोलतो. माह्या बोलीत माह्याशी बोलनारा त्या गावात एकच मानूस होता.’

आपल्या गावात एवढी माणसं आहेत, एवढ्या जाती-जमाती आहेत, मशिदी आहेत, मंदिरं आहेत, कॉलेजं आहेत. त्यात एक माणूस होता. तो गेला तर एका म्हाताऱ्याची बोली या गावापुरती मुकी झाली. सरांनी काय काम केलं असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. ते माणसाला त्याचं नाव विचारायचे, आणि तो सांगेल ते घेऊन पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे, बरोबर होईपर्यंत.

सर, काल्टो शब्दातला ट तुम्हाला शेवटी शेवटी जमला होता. बा म्हणतो, जवळजवळ जमला होता. मी बाचं मत मानते.

मंडळी, मी आता थांबते. माझा बा शेवटच्या रांगेत बसला आहे. काल त्याने मला सांगितलं की सरांसाठी त्याला दोन वाक्यं बोलायची आहेत, आमच्या बोलीत, सगळ्यांसमोर. त्याने या गावात चारचौघांत आमच्या बोलीत आजवर एक शब्द काढलेला नाही. मी त्याचा अर्थ सांगणार नाही, त्याने मला मना केलं आहे. तुम्हाला काही समजणार नाही. ज्यांना समजायचं ते आता नाहीत. तरी ऐका. तो बोलून खाली बसेपर्यंत कोणी कुजबुजू नका. त्यानंतर आपण सगळे उभे राहू आणि हनीफ सरांसाठी शांत राहू.

बा, ये पुढं. मी माइक खाली करते.